बांधीतले बुडबुडे

नागपुरातल्या एका बंगल्यात माळी हिरवळीवरून खिळ्यांचा रूळ फिरवत होता. मालक म्हणाले, "गवताला श्वास मिळतो." हिरवळ रोज तुडवून माती घट्ट बसली असेल, तर भोकं कामाची, भुसभुशीत मातीत तो माळ्याचा नुसता व्यायाम. पण धान हेही गवतच, आणि ते तर चिखलात उभं. ते कसं श्वास घेतं? म्हणून ऑगस्टात लाखांदूर गाठलं.

वडसा रस्त्यालगतच्या धानाच्या बांधीत एक बाई कोनोविडर ढकलत होत्या. लांब दांडा, पुढे दोन दातेरी शंकू. एक रेटा पुढे, एक मागे. तण चिखलात गाडलं जातं. ही धान लावायची 'श्री' पद्धत. १९८३ च्या सुमारास मादागास्करमध्ये आंरी द लोलानिए या फ्रेंच धर्मगुरूने ती बसवली. कोवळं एकेक रोप, वीतभर अंतर, आणि दहा-बारा दिवसांआड विडर. तीनदा.

"तीनदा सांगतेत जी," बाई हसल्या. "माहा एकडाव होते. बाकीचं निंदन हातानंच."

शंकू सरकला की मागून बुडबुडे यायचे आणि कुजक्या अंड्यांचा वास. मी नाक धरलं. बाईंना त्याचं काहीच नाही. मातीतली हवा संपली की असाच वास सुटतो. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट हळू सरकतो. मग विडरने मातीला श्वास मिळतो म्हणतात, तो कसा? पाण्याखालचा चिखल ढवळून हवा कितीशी आत जाणार?

बाईंनी एक चूड उपटून धुतलं. मुळं तांबूस, जणू गंज चढलेला. तो गंजच असतो. धानाच्या खोडात पोकळ्या असतात. पानांनी घेतलेली हवा त्यांतून मुळांशी उतरते आणि चिखलातल्या लोखंडाला गंजवते. धान आपली हवा आपणच आणतं. बांधीच्या खोलगट कोपऱ्यातल्या चुडाची मुळं मात्र काळी निघाली. तिथं पाणी कधी हललंच नव्हतं.

तरी विडरला मी बाद करणार नाही. तण गाडलं जातं, कमरेतून वाकावं लागत नाही, हे थोडं नाही. पण 'मातीला श्वास' याचं श्रेय त्याला द्यायला मन धजत नाही. आधी पाणी मुरू नये म्हणून चिखलणी करून माती लिंपायची, मग तिलाच ढोसायचं! तीनदा म्हणे.

"पानी काढल्याबिगर मातीले दम नाई भेटत," बाई म्हणाल्या. पण काढायचं कुठं? इथं पाणी बांधीतून बांधीत उतरतं. आपलं सोडलं की ते खालच्याच्या धानात.

वास अजून नाकात होता. बाईंनी विडर धुऱ्यावर टेकवला, काळ्या कोपऱ्याकडे गेल्या आणि पायाच्या टाचेनं धुरा थोडा फोडला. पाणी खळखळलं.

पलीकडून लगेच हाक आली, "काहून सोडलं वो पानी?"