कॅन्सरच्या पेशंटला धाप लागली, तर ‘अशक्तपणा’ म्हणून सोडू नका



घरात कॅन्सरचा पेशंट असला की सगळं त्याच आजाराच्या नावावर जातं. जेवण जात नाही, कॅन्सरमुळे. झोप नाही, कॅन्सरमुळे. चार पावलांत धाप लागते, तर अशक्तपणा आलाय. पण ही धाप कधी कधी हृदयाभोवती पाणी साठल्यामुळे लागते. ते पाणी वेळेत काढलं तर माणसाला त्याच दिवशी मोकळा श्वास घेता येतो. राहून गेलं तर जीवावर बेततं.

हृदयातच सुरू होणारा कॅन्सर फार दुर्मीळ. दुसरीकडचा कॅन्सर हृदयापर्यंत पसरणं त्याहून कितीतरी जास्त आढळतं. फुप्फुसाचा, स्तनाचा, रक्ताचा आणि लिम्फोमा म्हणजे गाठींचा कॅन्सर यात पुढे असतात. हृदयावर दुपदरी आवरण असतं, एखाद्या पिशवीसारखं. बहुतेक वेळा कॅन्सर आधी तिथे पोचतो. या पिशवीत एरवीही थोडं पाणी असतं, साधारण १५ ते ५० मिली. कॅन्सरच्या पेशी तिथे बसल्या की ते वाढू लागतं.

हृदय हा पंप आहे. रक्त बाहेर टाकायचं तर आधी ते आत भरायला हवं. भोवती पाण्याचा दाब आला की हृदय नीट फुलत नाही, भरत नाही आणि शरीराला पुरेसं रक्तही देत नाही. पाणी हळूहळू साठलं तर पिशवी ताणते, लिटरभरही सामावतं. पण भराभर साठलं तर पेलाभर पाणीही हृदयाला आवळून टाकतं.

ही लक्षणं ओळखून ठेवा :

• आडवं झालं की धाप वाढते, पुढे वाकून बसलं की बरं वाटतं.
• छातीत दुखतं किंवा दाटल्यासारखं वाटतं.
• मानेच्या शिरा फुगतात, पायांवर सूज येते.
• नाडी जोरात चालते, बीपी उतरतं, चक्कर येते, हातपाय गार पडतात.

शेवटची लक्षणं दिसली तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. पेशंटला बसतं ठेवा. चक्कर येत असेल तर उठवून चालवू नका.

वस्तीत आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. पायावर सूज आली की शेजारच्या घरातल्या लघवीच्या गोळ्या मागून आणतात. साध्या हार्ट फेल्युअरमध्ये डॉक्टर त्या देतात, हे खरं. पण पाण्याने हृदय आवळलेलं असताना त्याच गोळ्यांनी बीपी आणखी उतरू शकतं. तपासल्याशिवाय देऊ नका.

तपासणी म्हणजे छातीची सोनोग्राफी, तिला टू-डी एको म्हणतात. सुई टोचत नाहीत, दुखत नाही. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, “हृदयाभोवती पाणी आहे का? एको करायचा का?” विचारणं हा आपला हक्क आहे. धाप फुप्फुसाभोवतीच्या पाण्यानेही लागते, रक्ताच्या गुठळीने, रक्त कमी झाल्यानेही लागते. केमोच्या काही औषधांनी हृदयाचा स्नायूही कमजोर होतो. प्रत्येकाचा इलाज वेगळा, म्हणून कारण कळलं पाहिजे.

हृदयाभोवती पाणी निघालं, तर एकोवर बघत सुईने ते काढतात आणि बारीक नळी काही दिवस ठेवतात. पाणी परत परत साठत असेल तर छोटं ऑपरेशन करून पिशवीला वाट करून देतात. खर्चासाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना आधी भेटा. केमोचे कागद, औषधांची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवा.

खरं तेही सांगायला हवं. कॅन्सर हृदयापर्यंत पोचला म्हणजे आजार बराच पुढे गेलेला असतो. पाणी काढल्याने कॅन्सर जात नाही. पण झोपता येतं, बोलता येतं, पुढचा उपचार घ्यायचा की नाही हे पेशंटला स्वतः ठरवता येतं. लिम्फोमासारख्या काही कॅन्सरवर औषधं चांगली लागूही पडतात. इलाज थांबला तरी सेवा थांबत नाही. धाप आणि वेदना कमी करणारी औषधं असतात, ती मागून घ्या.

आपल्या बाया तर धाप लागली तरी पाण्याचा हंडा उचलतात आणि कुणाला सांगत नाहीत. तिने सांगायची वाट बघू नका, तुम्ही विचारा. रात्री उशा वाढवून झोपते का, बसून रात्र काढते का, बघा.

आजारी भिक्खू एकटा पडलेला दिसला तेव्हा तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातांनी त्याला धुतलं, स्वच्छ केलं. आपला धम्म हेच शिकवतो. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात एवढं ठरवा : वस्तीत कॅन्सरचे पेशंट कोणत्या घरी आहेत आणि रात्री-अपरात्री त्यांच्यासोबत दवाखान्यात कोण जाणार.

जयभीम! नमो बुद्धाय!