मुकादम गेला, यंत्र आलें

मुंबईस परळ-लालबागच्या बाजूला सुमारें शंभर वर्षांपूर्वीं पहाटेचा भोंगा वाजण्याच्या आधींच गिरण्यांच्या दारांशीं माणसांची दाटी होत असे. कोंकणांतून व घाटावरून पोटासाठीं आलेल्या या माणसांपैकीं आज कोणास आंत घ्यावयाचें आणि कोणास परत लावावयाचें, हें ठरविणारा मनुष्य मालक नसे, मॅनेजरहि नसे. तो मुकादम, गिरणीच्या भाषेंत जॉबर. नेमणूक, बढती, रजा आणि बडतर्फी हीं चारहि कामें त्याच्या हातीं असत, व त्यांचें मोल तो दस्तुरीच्या रूपानें कामगारांकडून वसूल करी. बायकांच्या खात्यांत हाच अधिकार नायकिणीकडे असे. ज्या खात्यास आज ‘मानव संसाधन विभाग’ असें भारदस्त नांव मिळालें आहे, त्याचें बहुतेक काम त्या काळीं हा एक मनुष्य तोंडातोंडींच उरकीत असे.

मुकादमास केवळ खलपुरुष ठरविणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. गांवाहून नव्यानें आलेल्या पोराची राहण्याजेवण्याची सोय पुष्कळदां तोच लावून देई. नडीच्या वेळीं पैसेहि तोच देई, अर्थात् व्याज लावून. तो पक्षपाती असे, लोभी असे; परंतु ज्यास काम नाकारलें गेलें, त्यास निदान कोणाच्या तोंडाकडे पाहून कारण विचारावयाचें, एवढें तरी ठाऊक असे. पुढील विवेचनासाठीं ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

या व्यवस्थेस मोठा हादरा बसला तो कामाच्या मांडणींतील बदलामुळें. पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरल्यावर खर्च कमी करण्यासाठीं गिरणीमालकांनीं, दोन माग चालविणाऱ्या विणकऱ्यानें तीन माग चालवावे आणि कांतणाऱ्यानें अधिक चात्या सांभाळाव्या, अशा योजना आणल्या. थोड्या माणसांत अधिक काम म्हणजे उरलेल्यांनीं घरीं बसावयाचें, हें कामगारांस कोणी समजावून सांगावें लागलें नाहीं. १९२८ सालीं मुंबईच्या गिरण्यांत जवळजवळ सहा महिने संप चालला, त्याच्या मुळाशीं हें एक प्रमुख कारण होतें. कोणाकडे किती माग द्यावयाचे, जादा कामाचा मोबदला काय ठरवावयाचा आणि कमी कोणास करावयाचें, हे प्रश्न एका मुकादमाच्या मर्जीनें सुटण्याजोगे नव्हते. त्यांस नियम हवे होते आणि नोंदी हव्या होत्या.

१९२९ सालीं व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या शाही मजूर कमिशननें १९३१ च्या अहवालांत, भरतीचा अधिकार मुकादमाकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावा, अशी शिफारस केली. पुढें १९३५ सालीं मुंबईच्या गिरणीमालक संघानें बदली कामगारांसाठीं कार्डें सुरू केलीं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस ठराविक लोकांस कार्डें द्यावयाचीं. त्यांनीं रोज सकाळीं गिरणींत हजर व्हावयाचें. आणि कोणाचा खाडा पडला तर ती जागा कार्डवाल्यांतूनच भरावयाची. वरवर पाहतां ही गोष्ट क्षुल्लक. परंतु मर्जीच्या जागीं कागद आला तो येथें. मुकादमाचा हात कांहीं एका दिवसांत सुटला नाहीं. तरी १९३६ सालीं नागपाड्यास सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें समाजकार्याची शिक्षणसंस्था निघाली, आणि १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानें ५०० अगर अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमणें सक्तीचें केलें.

नांव बदललें तें बऱ्याच काळानें. १९७५ सालीं लार्सन अँड टुब्रो कंपनीनें उदय पारीक व टी. व्ही. राव यांच्या सल्ल्यानें मानव संसाधन विकासाचें स्वतंत्र खातें उभारलें, व पुढें तें नांव सर्वत्र रूढ झालें. कोळसा, पाणी आणि लोखंड यांच्या पंक्तीस माणसास बसविणारा हा शब्द कानास गोड लागत नाहीं, पण आतां तो घट्ट रुजला आहे.

आज मोठ्या कंपनींत एका जागेसाठीं अर्जांचा ढीग पडतो, आणि पुष्कळ ठिकाणीं तो प्रथम माणूस वाचीतच नाहीं. संगणक प्रत्येक अर्जांतील शब्द जागेच्या वर्णनाशीं ताडून पाहतो, अर्जदारांस क्रम लावतो, आणि अधिकाऱ्यापुढें वरचे थोडेसेच अर्ज ठेवतो. हजेरीबुकाच्या जागीं अंगठा अगर चेहरा आला आहे. यंत्रास दस्तुरी लागत नाहीं, त्याचे गांववाले व भाऊबंद नसतात. तेव्हां मुकादमाचा पक्षपात आतां संपला, असें वाटणें साहजिक आहे.

ॲमेझॉन कंपनीचा अनुभव निराळा आहे. तिच्या तज्ज्ञांनीं २०१४ पासून अर्ज पारखणारें संगणकी साधन घडविण्यास प्रारंभ केला, व मागील दहा वर्षांत आलेले अर्ज त्यास नमुना म्हणून दिले. ते बहुतेक पुरुषांचे होते. त्यावरून यंत्रानें धडा घेतला कीं, पुरुष तेच बरे. एखादीच्या अर्जांत महिलांच्या बुद्धिबळ मंडळाची कर्णधार असल्याचा उल्लेख आला, तर तो अर्ज खालीं जाई. दुरुस्ती करून पाहिली, पण खात्री पटेना. तेव्हां कंपनीनें तो उद्योग सोडून दिला. २०१८ सालीं रॉयटर्स वृत्तसंस्थेनें ही हकीकत प्रसिद्ध केली. माणसांची जुनी खोड यंत्रानें इमानानें पाठ केली होती, इतकेंच. मुकादम दारावरून उठून नोंदींत जाऊन बसला होता.

त्यामुळें या खात्यांतील अधिकाऱ्याचें काम पालटत आहे. माणसें पारखणें हें त्याचें जुनें काम. पारखणाऱ्या यंत्राची पारख करणें हें नवें. त्यास कोणते नमुने दिले, कोणत्या वर्गाचे अर्ज सतत खालीं राहतात, आणि नाकारलेल्यास उत्तर कोण देणार, हें त्यास पाहावें लागतें. स्वखुशीनें तें होईल असें सरकारांस वाटलेलें दिसत नाहीं. न्यूयॉर्क शहरानें २०२१ सालीं कायदा करून अशा साधनांची दरवर्षीं त्रयस्थाकडून तपासणी व उमेदवारास पूर्वसूचना सक्तीची केली. जुलै २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. यूरोपीय संघानेंहि २०२४ च्या कायद्यांत नोकरभरतीचीं यंत्रें अधिक धोक्याच्या वर्गांत घातलीं.

जेवण घरपोंच करणाऱ्या मोटारसायकलस्वारास तर गिरणीचें दारहि उरलेलें नाहीं. त्याचें दार म्हणजे हातांतील फोन. एखाद्या सकाळीं त्याचें खातें बंद झालेलें दिसतें, आणि कारण विचारावें तर समोर कोणी मुकादमहि नसतो. १९३५ च्या बदली-कार्डाच्याच जातीचा एक कागद आतां त्याच्यासाठीं निघूं लागला आहे. कर्नाटक राज्यानें २०२५ सालीं केलेल्या कायद्यानें, अशा कामगारास काढून टाकण्यापूर्वीं कंपनीनें त्यास लेखी कारण कळवावें व १४ दिवसांची सूचना द्यावी, असें बंधन घातलें आहे.