झडीच्या दिवशी वेरूळ, संध्याकाळी नान-खलिया

छत्रपती संभाजीनगर पर्जन्यछायेत, म्हणजे सह्याद्री ओलांडताना ढगांनी बरेचसे पाणी गमावल्यानंतरच्या पट्ट्यात, वसलेले असल्यामुळे दिवसभराची झड येथे क्वचितच लागते. त्यामुळे परदेशातील मित्र पाहुणे म्हणून आलेले असताना नेमकी ती लागली, की यजमान फिरण्याचा बेत रद्द करू पाहतात. वास्तविक वेरूळसाठी त्याहून चांगला दिवस सहसा मिळत नाही.

शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवरील वेरूळची ३४ लेणी बसाल्टच्या, म्हणजे लाव्हारसाचे थर थिजून बनलेल्या काळ्या खडकाच्या कड्यात कोरलेली असून १९८३ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. बहुतेक मंडळी थेट सोळाव्या लेण्याकडे, म्हणजे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी जोडल्या जाणाऱ्या आणि कळसाकडून पायाकडे कोरत आणलेल्या कैलासाकडे, धाव घेतात आणि तेथेच थकतात. पावसाळ्यात मात्र आधी एकोणतिसावे, अर्थात धुमार लेणे गाठावे. त्याच्या शेजारी कड्यावरून सीतेची न्हाणी नावाचा धबधबा कोसळतो. पायऱ्यांशी बसलेल्या दगडी सिंहांपाशी तुषार अंगावर घेत आत शिरले, की कैलास पर्वत हलवणारा रावण अंधूक उजेडात दिसू लागतो आणि बाहेरचा पाण्याचा गजर त्या शिल्पासाठीच योजला असावा असे वाटते. दौलताबादचा किल्ला मात्र अशा दिवशी टाळलेलाच बरा, कारण ओल्या पायऱ्या आणि अंधारी, म्हणजे शत्रूला चकवण्यासाठी खडकातून काढलेला काळोखा मार्ग, यांत घसरण्याचे भय असते.

परतल्यावर पाणचक्की पाहावी. दूरच्या उगमाचे पाणी खापरी नळांतून आणून उंचावरून सोडायचे आणि त्याच्या जोरावर जाते फिरवून दर्ग्यातील फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ दळायचे, ही तेथील योजना. पाहुण्यांतला एखादा अभियंता तेथून लवकर हलत नाही.

दिवसभर भिजल्यावर जेवण नान-खलियाचेच हवे. तंदूरच्या भट्टीत भाजलेल्या नानला हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवतात, त्यामुळे तो पिवळा, चकचकीत आणि किंचित गोडसर होतो. खलिया म्हणजे मोठ्या देगेत शिजवलेला, लाल तर्रीचा मांसाचा रस्सा. १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवणाऱ्या मुहम्मद तुघलकाच्या फौजेबरोबर हा पदार्थ आला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, शेकडो माणसांची पंगत एका रश्श्यावर उठवण्याची सोय त्यात आहे खरी, आणि लग्नांच्या दावतींत तो आजही शिजतो. तिखटाची सवय नसलेल्या पाहुण्याला वरची तर्री बाजूला सारून वाढावे.

बेत ठरवताना वार तेवढा पाहून घ्यावा: वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात.