पडलेल्यांचा न्याय

दुसऱ्याचा न्याय करू नये, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले. त्यावरून ख्रिस्ती माणसाने कोणाच्याच वागण्याबद्दल मत देऊ नये, असा अर्थ सर्रास काढला जातो. मत्तयाच्या सातव्या अध्यायातला पुढचा मजकूर मात्र तसे म्हणत नाही. आधी स्वतःच्या डोळ्यातले मुसळ काढायचे, मग भावाच्या डोळ्यातल्या कुसळाकडे वळायचे, असा तिथला क्रम आहे. म्हणजे कुसळ काढायचे आहेच. फक्त काढणाऱ्याची नजर आधी साफ हवी. याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात तर रीतच घालून दिली आहे. अपराध करणाऱ्याशी आधी एकांतात बोलावे, त्याने ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर न्यावे आणि मंडळीपुढे गोष्ट न्यावी ती त्यानंतरच. दोन-तीन साक्षीदारांची अट मोशेच्या नियमशास्त्रातली आहे. चारचौघांत बोभाटा ही पहिली पायरी कुठेच नाही.

या शिकवणुकीची सर्वांत अवघड परीक्षा तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये झाली. आज हे ठिकाण ट्युनिशियात आहे. रोमन साम्राज्यातल्या प्रजेने देवतांना बलिदान करावे आणि अधिकाऱ्यांकडून तसा दाखला घ्यावा, असे फर्मान सम्राट डेसियसने काढले होते. इजिप्तच्या वाळूत असे ४०हून अधिक दाखले सापडले आहेत. त्यांतला एक जून २५० मधला आहे. ७२ वर्षांचा ऑरेलियस डायोजेनिस, उजव्या भुवईवर व्रण. आपण देवतांना नेहमीच बलिदान करत आलो आणि आताही अधिकाऱ्यांसमक्ष बलिदान करून प्रसाद चाखला, असे तो लिहून देतो आणि खाली सही मागतो. हा म्हातारा ख्रिस्ती होता की नव्हता, हे कागदावरून कळत नाही. सरकारला त्याच्याशी कर्तव्यही नव्हते.

कार्थेजमधले पुष्कळ ख्रिस्ती या काळात डगमगले. काहींनी बलिदान केले, तर काहींनी बलिदान न करताच पैसे चारून दाखला मिळवला. तुरुंगात छळ सोसणाऱ्यांचा मान मोठा होता, त्यामुळे पडलेले लोक त्यांच्याकडून शिफारसपत्रे आणू लागले. काही पत्रांत 'अमुक आणि त्याची माणसे' एवढेच लिहिलेले असे. मग एका चिठ्ठीवर वीस-तीस जण प्रभुभोजनाला हजर. बिशप सिप्रियनला हे मान्य नव्हते. पण छळ सुरू होताच तो स्वतः शहर सोडून लपला होता आणि तिथूनच पत्रांनी कारभार पाहत होता. इतरांच्या धैर्याची झडती घेण्याचा याला काय अधिकार, असे विरोधकांनी म्हटले असेल तर ते साहजिकच होते.

दुसऱ्या टोकाला रोममधला धर्मगुरू नोव्हेशियन होता. ज्याने ख्रिस्ताला नाकारले त्याला मंडळीने पुन्हा कधीच सामावून घेऊ नये, त्याचे काय करायचे ते देव पाहील, असे त्याचे मत. ही भूमिका वरून कडक आणि स्वच्छ दिसते. खरे तर तिच्यात न्याय करण्याचे कष्टच टाळलेले आहेत, कारण सगळ्यांना एकच शिक्षा ठोठावली की कोणाचीही हकिगत ऐकून घ्यावी लागत नाही.

सिप्रियन परतल्यावर २५१ मध्ये कार्थेजला बिशपांची सभा भरली आणि प्रत्येकाचे प्रकरण वेगळे तपासायचे ठरले. अँटोनियानस नावाच्या बिशपाला लिहिलेल्या लांबलचक पत्रात सिप्रियनने त्यामागचा विचार मांडला आहे. कोणी बोलावण्याआधीच वेदीकडे धावत सुटलेला आणि बराच झगडून शेवटी हात टेकलेला, यांना एकाच मापाने मोजता येत नाही. एकाने बायकापोरांसकट सगळ्या घराला ओढत नेले. दुसरा घरच्यांना वाचवण्यासाठी एकटाच गेला आणि पळून आलेल्या बांधवांना त्याने आपल्या घरात थाराही दिला. पैसे देऊन दाखला घेणाऱ्या काहींना तर आपण बलिदान टाळले, म्हणजे पाप टळले, असेच प्रामाणिकपणे वाटत होते. अशा दाखलेवाल्यांना चौकशीनंतर परत घ्यायचे ठरले. बलिदान केलेल्यांनी पश्चात्तापात राहावे आणि मरणाच्या दारी त्यांना समेट मिळावा, असा निर्णय झाला. पुढे दोनेक वर्षांत नव्या छळाची चाहूल लागली, तेव्हा पश्चात्ताप करत असलेल्या सर्वांनाच आत घेतले गेले. संकटाला तोंड द्यायचे तर हातात प्रभुभोजनाचे बळ हवे, हे त्यामागचे कारण.

एक प्रकरण विशेष बोलके आहे. निनस, क्लेमेंशियानस आणि फ्लोरस या तिघांनी दंडाधिकारी आणि जमाव यांच्यापुढे ख्रिस्ताचे नाव सोडले नव्हते. नंतर प्रांताधिपतीच्या हुकमाने झालेल्या लांबलेल्या छळात मात्र ते कोसळले. त्यांनी तीन वर्षे शोक आणि प्रायश्चित्त केले होते. त्यांना घ्यावे का, असे विचारले गेले तेव्हा सिप्रियनने आपला कल होकाराकडे असल्याचे कळवले: त्यांचे शरीर हरले होते, मन नव्हे. तरीही ईस्टरनंतर जमणाऱ्या बिशपांशी बोलूनच पक्का निर्णय देऊ, असे त्याने लिहिले. एवढी सहानुभूती असूनही त्याने एकट्याने निकाल दिला नाही.

क्षमा आणि अधिकारपद यांत मात्र सिप्रियनने भेद केला. दाखले घेतलेले स्पेनमधले दोन बिशप पदावर पुन्हा हक्क सांगू लागले, तेव्हा त्याच्या सभेने ते नाकारले. अशा बिशपाने पश्चात्ताप करून सामान्य विश्वासी म्हणून मंडळीत राहावे, पण वेदीपुढे उभे राहू नये. आजही पैशाची अफरातफर किंवा अत्याचार केलेल्या धर्मपुढाऱ्याला 'कृपेच्या' नावाखाली झटपट पुन्हा खुर्चीवर बसवले जाते, तिथे हा भेद नेमका विसरला जातो.

नोव्हेशियनच्या कडक मताभोवती उभा राहिलेला पंथही लगेच संपला नाही. ३२५च्या नायसिया धर्मसभेने त्याच्या धर्मगुरूंना परतण्याची वाट मोकळी केली आणि त्यांचे पदही राखले. त्यासाठीच्या अटींपैकी एक अशी, की छळाच्या काळात पडलेल्यांबरोबर आपण सहभागिता ठेवू, असे त्यांनी लेखी द्यावे.