टाके उसवतात म्हणून जीव वाचतो

वर्ध्याजवळच्या पॉवरग्रिडच्या उपकेंद्रातून ७६५ किलोव्होल्टच्या वीजवाहिन्या दूरदूर गेल्या आहेत. त्यांच्या मनोऱ्यांवर काम करणारी माणसे रस्त्यावरून मुंगीएवढी दिसतात. तेवढे उंच नसले तरी तितकेच जोखमीचे काम आता गल्लोगल्ली चालते. छपरांवर सौर पॅनेल बसतात, पावसाळ्याच्या तोंडावर गोदामांचे पत्रे बदलले जातात, गावोगावी पाण्याच्या टाक्या उभ्या राहतात. अशा कामासाठी हार्नेस, म्हणजे खांदे, छाती आणि मांड्यांभोवती बसणारा पट्टा, विकत घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा किती वजन पेलतो? दुकानदारही टनांतला आकडा सांगून गिऱ्हाइकाला खूश करतो. पण पट्ट्याची ताकद ही त्याची निम्मीच पात्रता आहे. पडणाऱ्याला वाचवतो तो पट्ट्याचा दुसरा गुण. ऐन वेळी तो किती नमते घेतो, यावर सारे अवलंबून असते.

विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या प्रत्येकीला हे भौतिकशास्त्र ठाऊक असते. भरलेली बादली वर ओढताना न तुटणारा दोर, तीच बादली हातून निसटून हिसक्याने थांबली तर तुटू शकतो. म्हणून निसटती बादली कुणी एकदम आवळून धरत नाही, दोर थोडा हातातून सरकू देतात आणि मग थांबवतात. हिशेब सोपा आहे. ८० किलोचा माणूस २ मीटर पडला की त्याचा वेग ताशी २२ किलोमीटरच्या वर जातो. दोराने त्याला १० सेंटिमीटरमध्ये थांबवले, तर अंगावर सरासरी १,६८० किलोंचा जोर येतो. तोच माणूस १ मीटर अंतरात थांबवला, तर २४० किलोंचा. माणूस तोच, उंची तीच, फरक फक्त थांबण्याच्या अंतराचा. हार्नेसला जोडलेल्या दोरीवर, म्हणजे लॅन्यार्डवर, एक छोटे जाड पुडके असते ते यासाठीच. त्यात पट्टी घडी घालून शिवलेली असते. झटका बसला की तिचे टाके एकामागून एक उसवत जातात आणि पडण्याची ऊर्जा त्यात खर्च होते. अंगावरचा जोर सुमारे ६०० किलोंच्या आत राहावा, अशी त्याची रचना असते. शिवण उसवणे हे जिथे दोष नसून कर्तव्य आहे, अशी शिवणकामाची ही एकमेव जागा असावी!

हे गणित पक्के करणाऱ्यांपैकी एकाचे नाव सुरक्षेच्या प्रशिक्षणात क्वचितच ऐकू येते. अर्नोल्ड वेक्सलर हे अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधले अभियंता. त्यांची कीर्ती आर्द्रतामापनातली. हवेतल्या बाष्पाच्या दाबाची त्यांची सूत्रे आजही वापरात आहेत. पण छंद गिर्यारोहणाचा. अमेरिकन अल्पाइन जर्नलच्या १९५० च्या अंकात त्यांनी दाखवले, की ताणल्या जाणाऱ्या दोराला बसणारा झटका पडण्याच्या नुसत्या उंचीवर ठरत नाही. पडण्याचे अंतर भागिले दोराची लांबी, या गुणोत्तरावर तो ठरतो. कारण दोर जितका लांब, तितका तो जास्त ताणला जातो. छपरावरच्या मजुरासाठी याचा अर्थ सरळ आहे. हूक डोक्यावर अडकवला तर गुणोत्तर शून्याच्या जवळ, खांद्याच्या पातळीला १ च्या आसपास, आणि पायाशी अडकवला तर २ कडे झुकणारे. दोर तोच, हार्नेस तोच. हूक कुठे अडकवला, एवढ्यानेच झटका बदलतो.

यावर कुणी म्हणेल, की झटका सोसणारे पुडके आहेच, मग हूक कुठेही लावला म्हणून काय बिघडले? बिघडते ते खालच्या जमिनीमुळे. नमते घ्यायला जागा लागते. २ मीटरची दोरी पायाशी अडकवली आहे असे धरा. दोरी २ मीटर, पुडके पूर्ण उलगडले तर पावणेदोन मीटर, पाठीवरच्या कडीपासून पावलांपर्यंत दीड मीटर आणि वर १ मीटरची सूट. बेरीज सव्वासहा मीटर. एकमजली घराचे छत असते तीन-साडेतीन मीटरवर. म्हणजे महागडा हार्नेस नीट घालूनही माणूस जमिनीवरच आदळेल. तिथे आखूड दोरी, डोक्यावरचा आधार किंवा त्याहून बरे म्हणजे कठडाच हवा. हार्नेस हा शेवटचा उपाय आहे. आधी कठडा, मग जाळी, आणि दोन्ही जमत नसेल तेव्हा पट्टा. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल बांधताना खाली लावलेल्या जाळीने १९ जणांना वाचवले होते. त्यांच्यापैकी कुणालाही हूक अडकवायची आठवण ठेवावी लागली नव्हती.

दुसरा आक्षेप परंपरेचा. शिंदीच्या झाडांवर माणसे पिढ्यानपिढ्या एका दोरावर चढत आली. वर्ध्यात १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने ताडगुळाचा प्रसार केला, तोही असे चढणारे होते म्हणूनच. मग कमरेचा पट्टा का चालू नये? कारण दोघांचे काम वेगळे आहे. झाडाभोवतीचा दोर सतत ताणलेला असतो. तो माणसाला जागेवर टेकवून धरतो, पडू लागलेल्याला झेलत नाही. कमरपट्टा झेलायला वापरला, तर सगळा झटका पोटावर आणि कण्यावर येतो. अमेरिकेने झेलण्यासाठी कमरपट्टा वापरण्यावर १९९८ पासून बंदी घातली ती यामुळेच. राहिला मुरलेल्या हातांचा दावा, की जाणता माणूस पडत नाही. जाणत्याचा पाय कदाचित घसरणार नाही, पण जुना सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटतो तेव्हा तो अनुभव विचारत नाही. २ मीटर पडायला पाऊण सेकंदही लागत नाही. जागा बदलताना हूक काढावा लागतो, ही अडचण मात्र खरी आहे. तिचे उत्तर दोन हुकांची दोरी. एक निघण्याआधी दुसरा अडकलेला असतो. आणि झेलला गेलेला माणूस लोंबकळत राहिला, तर पायांत रक्त साचून तो बेशुद्ध पडू शकतो. म्हणून त्याला खाली कसे आणायचे, हे वर चढण्याआधीच ठरलेले हवे.

आता निगा. नमते घेण्याचा गुण धाग्यांत आणि शिवणीत असतो आणि तो गुपचूप जातो. वर्ध्याच्या मे महिन्यातल्या उन्हातले अतिनील किरण नायलॉन आणि पॉलिएस्टरचे धागे आतून कमकुवत करतात. बॅटरीतले आम्ल नायलॉनला खाते, ओल्या सिमेंटचा अल्कली पॉलिएस्टरला. दोरीला मारलेली गाठ तिची ताकद बरीच घटवते. म्हणून हार्नेस छपरावर पडू देऊ नये, सिमेंटच्या गोण्यांजवळ ठेवू नये. मळला तर साध्या पाण्याने, सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावा. रोज घालण्याआधी पट्टी बोटांतून फिरवून, वाकवून पाहावी: कातरलेली कड, वितळून कडक झालेला ठिपका, फिकट पडलेला रंग, सुटलेला टाका, न मिटणारा हूक. लेबल वाचता येत नसेल, तर तो पट्टा किती जुना हेच कळत नाही. असा पट्टा वापरातून काढावा.

खर्चाची तक्रार इथे येते, विशेषतः एकदा झटका खाऊनही धडधाकट दिसणाऱ्या पट्ट्याबाबत. पण त्याने ऊर्जा घेतली ती एकदाच घेण्यासाठी. उसवलेले टाके पुन्हा घालून ती क्षमता परत येत नाही. ठेकेदारांनी असा हार्नेस दोरीसकट बाद करावा आणि नुसता फेकू नये, कात्रीने त्याचे तुकडे करावेत. फेकलेला अखंड पट्टा कुणी ना कुणी उचलून घालतोच.