ऑस्करच्या दारातील तीन मराठी चित्रपट

‘चित्रपट ऑस्करला गेला’ आणि ‘चित्रपटाला नामांकन मिळाले’ ही दोन वाक्ये आपण एकाच अर्थाने वापरतो. प्रत्यक्षात त्यांत मोठे अंतर आहे. इंग्रजीखेरीज अन्य भाषांतील चित्रपटांच्या विभागासाठी प्रत्येक देशाला दर वर्षी एकच चित्रपट पाठविता येतो. आपल्याकडे ही निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाने नेमलेली समिती करते. जगभरातून आलेल्या चित्रपटांतून शेवटी पाच निवडले जातात. नामांकन म्हणतात ते या पाचांना. भारतातर्फे तेथवर पोचलेले चित्रपट तीनच : ‘मदर इंडिया’ (१९५७), ‘सलाम बॉम्बे’ (१९८८) आणि ‘लगान’ (२००१).

मराठीतून ‘श्वास’ (२००४), ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) आणि ‘कोर्ट’ (२०१५) हे चित्रपट पाठविले गेले. तिघांनाही नामांकन मिळाले नाही. म्हणून ते कमी प्रतीचे ठरतात काय? मला तसे वाटत नाही.

संदीप सावंत यांच्या ‘श्वास’मध्ये नातवाचा जीव वाचविण्यासाठी त्याची दृष्टी घालवावी लागणार, हे आजोबांना कळते. शस्त्रक्रियेपूर्वी ते त्याला जग डोळे भरून दाखवितात. अरुण नलावडे यांनी रडारड न करता हे दुःख पेलले आहे. या चित्रपटाच्या अमेरिकेतील प्रचारासाठी लोकांनी वर्गणी दिली होती. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला येथे एक गोष्ट जाणवते. परीक्षकांनी चित्रपट पाहावा म्हणून खेळ लावणे, जाहिराती देणे याला पैसा लागतो. म्हणजे ही स्पर्धा केवळ गुणांची नव्हे, भांडवलाचीही आहे.

परेश मोकाशी यांचा चित्रपट दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) च्या निर्मितीची कथा सांगतो. विमा पॉलिसी तारण ठेवून धंद्यात उतरलेला हा मनुष्य आमच्या पाठ्यपुस्तकातील ‘उद्योजक’ या व्याख्येपेक्षा कितीतरी जिवंत आहे. चित्रपट मजेदार आहे. परंतु कर्जाची टोचणी त्यात फारशी जाणवत नाही, हे मला उणे वाटते.

तिघांत मी पहिला क्रमांक देईन तो चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला. गटार साफ करणाऱ्या कामगाराचा मृत्यू होतो आणि गाण्यातून त्याला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा खटला एका वृद्ध लोकशाहिरावर चालतो. ती भूमिका नागपूरचे वीरा साथीदार (मृत्यू २०२१) यांनी केली. सरकारी वकील जुना कायदा इंग्रजीत भराभर वाचतात तेव्हा माझ्या आजीने विचारले, “हे काय म्हन्ते बाप्पा?” मला वाटते, चित्रपटाचे मर्म तिच्या या प्रश्नातच आहे. ज्याच्या जिवाचा निवाडा व्हायचा, त्याच्या भाषेत तो चालत नाही.

आम्हा पांढुर्णा-सौंसरच्या लोकांना हे समजावून सांगावे लागत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आमचा भाग मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी, कागदावर हिंदी. मी मराठी शाळेत शिकलो, हिंदी बाजारात शिकलो. दोन्ही माझ्याच; पण अर्ज लिहिताना आजीला आजही दुसऱ्याचा आधार लागतो. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांपैकी अनेकांच्या घरीही असेच अनुभव असतील.

ऑस्कर मराठी माणसाला अप्राप्य नाही. कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी ते १९८३ मध्ये मिळाले. तथापि चित्रपटाची किंमत बाहुलीवरून ठरवू नये. महाविद्यालयाने वर्षातून एक मराठी व एक कन्नड चित्रपट सर्वांना एकत्र दाखवावा आणि नंतर तासभर चर्चा ठेवावी, अशी माझी सूचना आहे. परीक्षक आपणच होऊ या.