कामाचे पाते : पारख आणि निवड

भारताच्या कोणत्याही भागात शेतावर, बागेत किंवा रानात राबणाऱ्या माणसाजवळ एखादे धारदार पाते असतेच. नाव आणि आकार तेवढे बदलतात. नागा टेकड्यांत ते दाओ असते, दार्जिलिंगकडे खुकरी, केरळात वेट्टुकत्ती, कोडगूत ओडिकत्ती, तर महाराष्ट्रात आणि गोव्यात कोयता किंवा कोयती. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. पाते मुठीत कायमचे बसविलेले असते. ते मिटत नाही. घडीच्या चाकूला खिळीवर फिरणारा सांधा असतो. खिशात बाळगण्याची सोय त्या सांध्यामुळे होते, आणि जोराचा घाव बसला की प्रथम दगा देतो तोही तोच. बांबू फोडणे, फांद्या छाटणे, नारळ सोलणे अशा कामांना म्हणूनच न मिटणारे पाते लागते.

असे पाते निवडणे ही किरकोळ बाब नव्हे. महाराष्ट्रातील ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ असेच म्हणतात. हत्याराचे नाव माणसांना लागले आहे. मजुरी तोडलेल्या उसाच्या टनांवर मिळते. धार वारंवार जात असेल, तर तेवढा वेळ ऊस तोडण्याऐवजी परजण्यात जातो. घाव घालताना पाते मुठीतून सुटले, तर ते शेजारी वाकून काम करणाऱ्याच्या अंगावर जाते. स्वस्त हत्यार घ्यावे लागणाऱ्या माणसालाच ते पारखून घेण्याची गरज अधिक असते.

प्रथम प्रश्न धातूचा. साध्या लोखंडी पट्टीत कार्बनचे प्रमाण इतके थोडे असते, की तिला कितीही पाणी पाजले तरी ती कडक होत नाही. तिच्यापासून केलेले पाते दिसायला हुबेहूब असते. परंतु पहिल्याच दिवशी त्याची धार वळते. याउलट मालमोटारीच्या मोडीत निघालेल्या कमानपाट्याचे पोलाद या कामासाठी फार चांगले. त्यात कार्बन सुमारे अर्धा टक्का किंवा त्याहून थोडा अधिक असतो, आणि जोडीला सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम असते. खड्ड्यांतून धावणाऱ्या गाडीचे ओझे वर्षानुवर्षे झेलण्यासाठीच ते बनविलेले असते, त्यामुळे धक्का सोसण्याचा गुण त्याच्या अंगी आहे. ते भंगारात मिळते आणि खेड्यातील लोहाराच्या भात्यावर तापते. देशातील कितीतरी उत्तम आणि स्वस्त पाती अशाच पाट्यांतून निघतात. क्वचित एखाद्या जुन्या पाट्यात बारीक तडा दडलेला असतो, म्हणून अनुभवी लोहार तुकडा निवडताना तो नीट तपासून घेतो.

चांगल्या धातूचेही चीज होते ते पाणी देण्याच्या रीतीने. पोलाद लालभडक तापवून तेलात किंवा पाण्यात एकदम बुडविले की ते कमालीचे कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. ही उष्णता ओळखण्याची एक सोपी खूण आहे: सुमारे ७७० अंश सेल्सियसला पोलाद लोहचुंबकाला चिकटेनासे होते. त्याहून थोडे अधिक तापवून ते बुडवितात. नंतर पाते पुन्हा हलके तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवावा लागतो. घासून चकचकीत केलेल्या पृष्ठावर या वेळी रंग उमटत जातात. सुमारे २३० अंशांना फिकट पिवळा, पुढे तपकिरी व जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. लहान सुरीसाठी पिवळ्या रंगावर थांबतात. घाव घालण्याच्या पात्याला अधिक नरमाई हवी म्हणून आणखी पुढे जातात. खुकरी घडविणाऱ्यांची रीत तर याहून वेगळी. ते तापलेल्या पात्याच्या धारेवरच किटलीतून पाण्याची धार सोडतात. त्यामुळे धार कठीण होते आणि जाड पाठ चिवट राहते.

ही सारी क्रिया घडून गेल्यावर पाते बाजारात येते, आणि घेणाऱ्याला ती दिसत नाही. तिचा अंदाज तो एका लहानशा कानशीने घेऊ शकतो. कोयत्याच्या धारेवर कानस हलकेच फिरवावी. ती सहज शिरली आणि कीस निघू लागला, तर पाते मऊ आहे. काचेवरून घसरावी तशी सरकली, तर ते फाजील कडक आहे. गाठीवर आदळताच धारेचा टवका उडेल. थोडी अडत अडत ती चावली तर कोयता योग्य समजावा, कारण शेतात धार लावायची ती कानशीनेच. लहान सुरी मात्र याहून कडक असली तरी चालते. पात्यावर टिचकी मारल्यास आवाज खणखणीत यावा. बद्द आवाज तड्याची शंका निर्माण करतो. धारेजवळ निळसर पट्टा दिसल्यास यंत्राच्या चाकावर धार काढताना पाते तापून नरम झाले असण्याचा संभव आहे. पृष्ठावर घणाचे व्रण आणि काळा थर असणे हा मात्र दोष नव्हे. चकाकीसाठी दिलेले पैसे बहुधा वाया जातात.

पात्याहूनही अधिक फसगत मुठीत होते, कारण तेथील बांधणी झाकलेली असते. पात्याचे मागील टोक मुठीत किती खोल गेले आहे, यावर हत्याराचा भरवसा अवलंबून आहे. खुकरीचे दोन प्रकार या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. एकात निमुळते टोक लाकडात लाखेने बसवितात. दुसऱ्यात पात्याचीच पट्टी मुठीच्या शेवटापर्यंत जाते आणि दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या रिबिटांनी जोडतात. भारी कामासाठी दुसरा प्रकार निःसंशय श्रेष्ठ. पहिला घ्यावयाचाच झाला, तर मुठीच्या तोंडाशी लोखंडी किंवा पितळी शेंबी घट्ट आहे की नाही ते पाहावे आणि पाते हातात धरून मूठ हलवून बघावी. अर्थात हा नियमही कामाप्रमाणे लावावयाचा. स्वीडनमधील मोरा या गावच्या स्वस्त सुऱ्या जगभर नावाजल्या आहेत. त्यांच्यापैकी अनेकींचे टोक मुठीत पूर्ण जात नाही, तरी लाकूड तासण्यास आणि दोर कापण्यास त्या उत्तम असतात. कोणी त्यांच्याकडून सरपण फोडण्याची अपेक्षा केली, तर चूक सुरीची नाही.

आकाराविषयी थोडक्यात सांगता येईल. तासण्याच्या कामास सुमारे १० सेंटिमीटरचे पाते पुरते. तोडण्यास वजन पुढे असलेले लांब पाते लागते. नागा दाओ टोकाकडे रुंद होत जातो. त्याला पटाशीप्रमाणे एकाच बाजूने उतार असतो, त्यामुळे तो बांबूत सरळ शिरतो. पण डावखुऱ्याने तो घेताना उतार कोणत्या बाजूस आहे ते पाहिले पाहिजे.

गंज न चढणारे पोलाद समुद्रकाठी किंवा मासे कापताना उपयोगी खरे. परंतु त्याला पाणी देण्यासाठी उष्णतेचे जे नियंत्रण लागते, ते गावच्या भट्टीत साधत नाही. साध्या पोलादाचे पाते पुसून कोरडे ठेवले आणि पावसाळ्यात तेलाचा हात फिरविला तर वर्षानुवर्षे टिकते.

पाते बाळगण्याची सोयही खरेदीतच पाहावी. कोकणात कोयती कमरेच्या आकडीत अडकवितात. कोडगूत ओडिकत्ती पाठीमागे पितळी आकड्यात राहते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत गणल्या आहेत. घरगुती, शेतकी, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनविलेली पाती मात्र त्यांतून वगळली आहेत. शेतात ही सवलत उघड असते. प्रवासात तेच पाते कोणत्या कामासाठी आहे हे सांगण्याची वेळ येऊ शकते, म्हणून ते गोणपाटात बांधून सामानात ठेवण्याची रीत आहे.